कॅलिफोर्नियात न्यायालयीन लघुलेखकाचा परवाना कसा मिळवावा

अमेरिकेत न्यायालयीन लघुलेखकांसाठी देशभर चालणारा एकच परवाना नाही. नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे प्रशिक्षणसंस्थेचे शुल्क भरण्यापूर्वी आपण जेथे काम करणार त्या राज्याच्या अटी वाचाव्यात. कॅलिफोर्नियात ‘कोर्ट रिपोर्टर्स बोर्ड ऑफ कॅलिफोर्निया’ हा परवाना देते आणि तो नसताना स्वतःला ‘सर्टिफाइड शॉर्टहँड रिपोर्टर’ म्हणवता येत नाही.

अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे आणि हायस्कूल किंवा त्याला समकक्ष शिक्षण पूर्ण झालेले असावे. पदवी लागत नाही. परीक्षेला बसण्याची पात्रता मिळवण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे बोर्डाने मान्य केलेल्या संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण करणे. न्यायालयीन लघुलेखकांच्या राष्ट्रीय संघटनेचे ‘रजिस्टर्ड प्रोफेशनल रिपोर्टर’ हे प्रमाणपत्र असेल तरीही बसता येते.

परीक्षेचे तीन भाग असतात. इंग्रजी आणि व्यवसायपद्धती या दोन भागांची तयारी पुस्तकांवरून होते. खरी कसोटी लागते ती श्रुतलेखनात. चार वेगवेगळ्या आवाजांत, मिनिटाला २०० शब्दांच्या गतीने दहा मिनिटे चाललेले कामकाज टिपून ९७.५ टक्के अचूक उतरवावे लागते, म्हणजे दोन हजार शब्दांत पन्नासच चुका माफ असतात. साक्षीदाराच्या ‘आय डिडन्ट’चे ‘आय डिड’ झाले, तर गुणांच्या हिशेबात ती एक चूक भरते. खटल्यात मात्र साक्षच उलटी होते. म्हणून केवळ वेग वाढवत न बसता रोजचे लेखन मूळ मजकुराशी ताडून पाहावे आणि शब्द गळतात, बदलतात की पदरचे घातले जातात, हे वेगवेगळे नोंदवावे.

महाराष्ट्रात शासकीय लघुलेखनाची प्रमाणपत्रे मिळवून तेथे गेलेल्यांना तयार कानाचा फायदा होतो, हात मात्र नव्याने बसवावा लागतो. कारण स्टेनो यंत्रावर पेटीतल्या स्वरांप्रमाणे अनेक कळा एकाच वेळी दाबून उच्चार नोंदवतात. २०२२ च्या कायद्याने तोंडाशी मास्क धरून कामकाज शब्दशः पुन्हा बोलत नोंदवण्याच्या पद्धतीलाही परवान्याची वाट खुली झाली आहे. दोन्ही पद्धतींना अचूकतेचा निकष तोच आहे.

परवाना हाती आल्यावर त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.