आत्याबाईंची खोली: २५ हजारांत काय, आणि कोणत्या क्रमानं

रंगाचं कार्ड सगळ्यात शेवटी उघडायचं. खोली नवी करायची म्हटलं की घरात आधी कार्डच येतं आणि 'पिस्ता की फिकट जांभळा' यावर सगळ्यांची मतं पडतात, जिची खोली आहे तिचं सोडून. आपली खोली बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावरची, दहा बाय बारा, उंची दहा फूट. राहणाऱ्या आत्याबाई, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. पैसे २५,०००, भाच्या-पुतण्यांनी वर्गणी काढून जमवलेले, त्यामुळे ते ताणायची सोय नाही.

आधी महिना ठरवा. बडोद्यात पावसाळा संपला तरी तळमजल्याच्या भिंती लगेच वाळत नाहीत. दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाही. मिळालाच तर भाव त्याचा आणि घाईही त्याचीच. म्हणून तुळशीचं लग्न लागलं की कामाला हात घालावा आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत मोकळं व्हावं. त्यानंतर कमुरतं, म्हणजे गुजरातीत शुभकार्याला वर्ज्य मानलेले दिवस, लागतात, ती थेट उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत. 'आम्ही मराठी, आम्हाला धनुर्मास' असं म्हणून बघा हवं तर, पण दोन-तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या घरात समोरच्या बेनचं मत पंचांगाच्या बरोबरीनं चालतं.

मग आत्याबाईंना विचारायचं. 'तुम्हाला काय हवं?' असं मात्र विचारू नका, कारण उत्तर ठरलेलं आहे: "मला मेलीला काय हवंय, आहे ते ठीक आहे." त्याऐवजी 'कुठे अडतं?' असं विचारा आणि शेजारी बसून राहा. हळूहळू यादी निघते. खिडकीची वरची कडी हाताला लागत नाही म्हणून ती गेली कित्येक वर्षं अर्धीच उघडते. दिव्याचं बटण दाराशी, पलंग पलीकडच्या भिंतीला, म्हणजे रात्री उठलं की अंधारात चाचपडत जायचं. कपाटाचं खालचं खण उघडायला वाकावं लागतं, तर नेमकी तिथंच औषधं. ही तीन दुखणी दूर केली तर खोली निम्मी नवी होते, आणि त्यांचा खर्च रंगाच्या एका डब्याहून फार नाही. काय हलवायचं नाही तेही याच बैठकीत लिहून घ्या: आतोबांचा फोटो, देवांचा कोनाडा, आणि ती वलणी, जी तुम्हाला विद्रूप वाटते आणि ज्यावर त्यांची नऊवारी रोज वाळते. वलणी राहू द्या. दोरी मात्र नवी बांधा.

सामान हलवण्याआधी चारही भिंतींचे मोबाइलवर फोटो काढा. फडताळात काय कुठे होतं यावरून नंतर होणारी भांडणं त्या फोटोंवर मिटतात. पलंगाखालची ट्रंक त्यांच्यासमोरच उघडायची, त्यांना खुर्चीवर बसवून. त्या देवळात गेल्याची संधी साधून नव्हे. ठेवायचं, द्यायचं आणि 'नंतर बघू' असे तीन ढीग होतात. तिसरा सगळ्यात मोठा होणार, त्यावर वाद घालू नये. रेशमी लुगडी प्लास्टिकच्या पिशव्यांत असतील तर काढून जुन्या सुती धोतराच्या कापडात बांधा.

आता भिंत. जुन्या बडोद्यातली बरीच घरं विटा-चुन्याची आहेत. तळमजल्यावर फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी भुकटी फुलते, पोपडे सुटतात, तो लोणा. वीट जमिनीतलं पाणी वर ओढते, पाणी हवेत उडून जातं आणि क्षार मागे राहून गिलावा आतून फोडतात. रंगाऱ्याला दाखवलं की तो बोटाच्या पेरानं ठोकून बघतो, बद्द आवाज येतो, आणि तो म्हणतो, "भेज छे, बेन. पुट्टी मारी दउं?" (ओल आहे, पुट्टी मारून देऊ?) नको म्हणायचं. ओलीवर पुट्टी आणि वर वॉटरप्रूफ रंग हा उपाय पुढच्या पावसाळ्यापुरताच. पाण्याची वाट बंद केली की ते अजून वर चढून फुटतं. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावला तरी तेच.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या हवेतून, हे आधी बघून घ्या. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर पक्का करा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर दोष कोंदटपणाचा, म्हणजे ती अर्धी उघडणारी खिडकी. भिंतच ओली निघाली तर बाहेरून एक फेरी मारा. न्हाणीचं सांडपाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरतंय का, पन्हळीचा पाइप तिथेच सुटतोय का, आणि हमखास आढळणारी गोष्ट म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेली कुंड्यांची रांग, जिला रोज बादलीभर पाणी घातलं जातं. कुंड्या हलवायला पैसे लागत नाहीत.

आतला सुटलेला गिलावा पत्र्यानं खरवडायचा, भुकटी कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत भरून बाहेर टाकायची. पाण्यानं धुवायची नाही, धुतली की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. मग तो भाग होईल तितके दिवस उघडा ठेवा, तुकड्यापुरता चुन्याचा गिलावा करून घ्या, आणि त्या एका भिंतीला चुन्याचीच सफेदी द्या, डिंक घालून आणि हवा तो रंग मिसळून. चुना अंगाला, कपड्याला थोडा लागतोच, म्हणून पलंग त्या भिंतीला नको. कपाट ठेवायचं असेल तर चार बोटं सोडून. ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यांच्या घरात विश्वामित्रीचं पाणी शिरलं त्यांना हे वेगळं सांगायला नको, पण तळमजल्याला पार्टिकल बोर्डचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं कपाट घेऊच नये, कितीही स्वस्त आणि देखणं असलं तरी. पाणी लागलं की ते फुगतं आणि परत बसत नाही. जुनं लोखंडी कपाट स्टँडवर उचलून घ्या, दाराच्या बिजागऱ्यांत तेल सोडा आणि बाहेरून ऑइल पेंटचा हात द्या.

भिंतीला पुट्टी लागायच्या आत वायरमन येऊन गेला पाहिजे, नाहीतर रंगवलेल्या भिंतीत झिरी पाडायची वेळ येते. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग असेल तर तो आधी अर्थिंग तपासू दे आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, बसवू दे. यात काटकसर नको. पलंगाच्या उशाशी दुसरं बटण, म्हणजे टू-वे, जेणेकरून दाराशी लावलेला दिवा पडल्यापडल्या बंद करता येईल. प्लग कमरेच्या उंचीवर घ्या: वाकावं लागत नाही, आणि पाणी शिरलंच तर ते वर राहतात. वाचायच्या जागी ९ वॅटचा एलईडी, ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर. ६५०० चा पांढराफटक दिवा झोपायच्या खोलीत दवाखान्याची आठवण करून देतो, असं माझं मत. वयानुसार डोळ्यांना उजेड जास्त लागतो, तेव्हा भगभगीत एका दिव्यापेक्षा मवाळ दोन बरे. आणि पलंगापासून न्हाणीच्या दारापर्यंतच्या वाटेवर एक मिणमिणता रात्रदिवा. पंखा बदलायचाच असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा घ्या. साधा पंखा ७०-७५ वॅट खातो, हा साधारण ३० वर चालतो, आणि रिमोट असल्यानं पहाटे गारठा वाटला तर उठावं लागत नाही. तो रिमोट हरवणार, हे गृहीत धरून उशाशी भिंतीवर एक खण ठोकून घ्या.

आता कुठे कार्ड उघडा. ओलीची बारा फुटी भिंत सोडली तर उरलेल्या तीन भिंतींची लांबी ३२ फूट; गुणिले दहा, ३२० चौरस फूट. दार-खिडकीचे साधारण ४० वजा केले की २८०. इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हात साधारण ६० चौरस फुटांवर बसतात, म्हणजे चार लिटरचा एक डबा आणि एक लिटरचा एक. दुकानदार दहाचा डबा 'स्वस्त पडेल' म्हणून पुढे करील, त्याला हा हिशोब दाखवा. छताला पांढरा डिस्टेंपर पुरे. रंग फिकट पण मॅट घ्या, चकचकीत भिंतीवर दिवा डोळ्यांत येतो. भिंत, चादर आणि फरशी तिन्ही एकाच फिक्या छटेची नकोत, कारण पलंगाची कड नजरेला स्पष्ट दिसली पाहिजे. छटा दोन निवडून भिंतीवर हातभर पट्टे मारा आणि आत्याबाईंना सकाळी आणि दिवा लावल्यावर असे दोन्ही वेळा दाखवा. त्यांनी गुलाबी म्हटलं तर गुलाबी.

दारं-खिडक्यांवर थरावर थर ऑइल पेंट चढलेला असेल तर तो कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ सगळ्यात वाईट, विशेषतः घरात नातवंडं रांगत असतील तर. पाणी लावून वॉटर पेपरनं घासायचं, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. खिडकीची कडी याच वेळी खाली आणा आणि डासांची जाळी लावून घ्या.

सागवानी पलंग पॉलिशवाल्याला द्यायचा तर चपडी (लाखेचे पापुद्रे) आणि स्पिरिटचं साधं पॉलिश भरपूर झालं. फक्त एक सांभाळा. बडोद्यातल्या घरांत एखादी तरी संखेड्याची खुर्ची किंवा झोपाळा असतो, मरून-सोनेरी, कातलेल्या पायांचा. पॉलिशवाला 'आलोच आहे तर हेही करून टाकतो' म्हणतो. टाकू देऊ नका. संखेड्याचं काम लाखेचं असतं, खालची चमक कथलाच्या वर्खाची, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा ओला बोळा फिरला की पाचपन्नास वर्षांची नक्षी बोळ्यावर उतरते. ती खुर्ची मऊ कोरड्या फडक्यानं पुसून दुसऱ्या खोलीत, उन्हापासून लांब ठेवा. पाय डगमगत असेल तर छोटाउदेपूर जिल्ह्यातलं संखेडा बडोद्यापासून ४५ किलोमीटरच्या आसपास आहे, ते काम तिथल्याच कारागिराचं.

पलंगाची उंची गादीसकट १८ ते २० इंच हवी, बसल्यावर तळवे जमिनीला टेकतील इतकी. जुन्या पलंगावर एकावर एक दोन गाद्या असतात आणि चढायला चौरंग लागतो. दोन्ही उसवून पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून एकच घट्ट गादी भरून घ्या, जमल्यास आपल्याच अंगणात आणि डोळ्यांसमोर, कापूस आधी वजन करून. नव्या गादीचे पैसे वाचतात आणि पलंग खाली येतो. उरलेल्या कापसाच्या उशा.

पडदे-चादरी मंगळ बाजारातून. जाताना खिडकीचं माप नव्हे, दांडीचं माप कागदावर लिहून न्या. कापड रुंदीच्या दीडपट ते दुप्पट, आणि सुती असेल तर शिवायच्या आधी एकदा भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा खिडकीच्या वर चढतो. पश्चिमेच्या खिडकीला जाड अस्तर हवं, एप्रिल-मेचा विचार करून. बाजारात घासाघीस करताना मराठीत आपसात बोलू नका, बडोद्यातल्या दुकानदाराला ती कळते.

पैशांची मांडणी अशी बसते: वीज आणि पंखा मिळून ७,०००, भिंतीची डागडुजी, रंग आणि मजुरी ९,०००, सुतार आणि पॉलिश २,५००, गादी-उशा २,५००, पडदे, चादरी, जाळी २,०००. राहिलेले २,००० कुणाला सांगायचे नाहीत. गिलावा काढल्यावर आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं. कमी पडलेच तर पॉलिश पुढच्या वर्षी ढकला. आरसीसीबी ढकलू नका. रंगाऱ्याशी मजुरी आधी ठरवा, चौरस फुटावर की रोजावर, आणि घासकाम, पुट्टी, सफाई त्यात धरली आहे का ते तोंडावर विचारा. निम्म्याहून जास्त उचल देऊ नये.

काम चालू असताना आत्याबाईंची सोय दुसऱ्या खोलीत, किंवा त्या जात असतील तर लेकीकडे. औषधं, चष्मा, जपमाळ आणि रेडिओ एका पिशवीत त्यांच्याजवळच राहू द्या, खोक्यांत बांधू नका. वास पूर्ण गेल्याशिवाय त्यांना परत झोपवायचं नाही. तोवर दिवसभर खिडक्या उघड्या आणि पंखा चालू. सामान लावताना आधी पलंग, मग दिवा, मग फोटो आणि कोनाडा, आणि बाकीचं त्या सांगतील तसं. उरलेला रंग झाकणाच्या बाटलीत भरून त्यावर छटेचा नंबर आणि कुठल्या भिंतीचा ते लिहा, आणि तोच नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही पेननं लिहून ठेवा. बाटली कुणीतरी भंगारात देणारच.