सोलापूर कोर्टातली पहिली दोन वर्षं : नवीन ज्युनिअर पोरापोरींसाठी

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली, आता पुढं काय असं विचारणारे सारखे भेटतात म्हणून एकदाच लिहून टाकते. मी सोलापूरच्या जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते, घरात आधी कोणी वकील नाही, वडील आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात मागावर, त्यामुळं जे काही कळालं ते ठेचा खाऊनच कळालं.

आधी सनदीचं. सुप्रीम कोर्टानं 30 जुलै 2024 ला सांगितलंय की नोंदणीची फी जनरलला 750 आणि एससी-एसटीला 125 च्या वर घेता येत नाही, तेव्हा कोणी ऐकीव आकडा सांगितला तर घाबरू नका. मग दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायची. बेअर ॲक्ट, म्हणजे टीपा नसलेलं नुसत्या कायद्याचं पुस्तक, आत नेता येतो म्हणून लोक हलक्यात घेतात, पण कोणतं कलम कुठंय हेच माहीत नसेल तर पानं उलटण्यातच वेळ जातो.

पहिले सहा महिने तुम्हाला कोणी केस देत नाही हो. काम काय, तर बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघायचा, पुकारा झाला की पळत आत जायचं आणि "से देण्यासाठी मुदत मिळावी सर" एवढं म्हणायचं. मी पहिल्या दिवशी से म्हणजे काय तेच विचारलं होतं, क्लार्क काका हसले. समोरच्याच्या अर्जावर आपलं म्हणणं म्हणजे से, कोर्टाला एखादी गोष्ट लेखी कळवली की ती पर्सिस, आणि दिवाणी दाव्यात "निशाणी 5 चं काय झालं" असं कोणी विचारलं तर तो तात्पुरत्या मनाईच्या अर्जाबद्दल बोलतोय. कॉलेजात यातलं एक अक्षर शिकवलं नाही. क्लार्क काकांशी नीट वागा, रोज रोजनामा (तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) वाचा, बाकी आपोआप येतं.

आता खरं सांगायचं ते. वकिली म्हणजे भाषण असं वाटायचं मला, निघाली दिवस मोजायची नोकरी. चोरीच्या केसमध्ये एक पोरगा आत होता, आई विड्या वळणारी, रोज कोर्टाच्या पायऱ्यांवर येऊन बसायची, "मॅडम, कवा सुटंल ओ?" अशा गुन्ह्यात 60 दिवसांत चार्जशीट आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो, केस किती का भक्कम असेना (जन्मठेप, फाशी किंवा किमान 10 वर्षांच्या शिक्षेचे गुन्हे असले तर 90 दिवस). पूर्वीच्या सीआरपीसीचं 167(2), आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 187. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं आणि पहिल्या रिमांडचा, म्हणजे मॅजिस्ट्रेटनं पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवस धरलाच नाही. तो धरायचा असतो, सुप्रीम कोर्टानं 2023 मध्येच स्पष्ट केलंय. मी टाइप केलेला अर्ज घेऊन गेले तो खरं तर 62 वा दिवस, आणि चार्जशीट आदल्या दिवशी संध्याकाळी दाखल झालेलं. 61 व्या दिवशी सकाळी अर्ज टाकला असता तर हक्क पक्का होता. माझे सिनिअर वकील ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "त्या बाईला तूच सांग." सांगितलं. ती काय बोलली नाही, पिशवीतला डबा काढून माझ्या हातात दिला, आत पोरासाठी पाठवता येईल का म्हणून. पुढं रेग्युलर जामीन (केस बघून कोर्ट देतं तो) झाला त्याचा, पण तोपर्यंत पाच आठवडे गेले.

तेव्हापासून माझ्या डायरीत प्रत्येक रिमांडपुढं तारखा लिहिलेल्या असतात. अटकेचं तर तास मोजायचं काम, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं हजर केलंच पाहिजे, म्हणून पक्षकाराच्या घरच्यांना "कधी उचललं" नाही, "किती वाजता उचललं" असं विचारा. अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात, हे तर आपल्याकडं फारच महत्त्वाचं, कारण पूर्व भागातल्या कितीतरी जणांची घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडच्यांची कन्नड. मराठी कागदावर अंगठा घेतला म्हणजे त्याला कळालं असं नसतं.

चेक न वटल्याच्या केसेस नवीन माणसाकडं भरपूर येतात. बँकेचा मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला 15 दिवस, त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. चादरीचे व्यापारी "देतो म्हणलाय ओ, थांबू जरा" म्हणत मेमो गल्ल्यात ठेवून देतात आणि दोन महिन्यांनी घेऊन येतात, तेव्हा त्या मेमोवरच्या नोटिसीची मुदत गेलेली असते.

पैसे नसलेल्या पक्षकाराला हाकलून देऊ नका. महिला, मुलं, एससी-एसटी, अपंग, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्यानं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस दाखवा, नाहीतर 15100 हा हेल्पलाइन नंबर द्या. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

आणि एक, एप्रिल-मे मध्ये आपल्या सोलापूरच्या उन्हात काळा कोट घालून चक्कर येऊन पडू नका, हायकोर्ट-सुप्रीम कोर्ट सोडून उन्हाळ्यात कोटाची सक्ती नसते. गळ्यातला पांढरा बँड मात्र लागतोच.

पूर्वी हायकोर्टाचं काम म्हणलं की सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर मुंबई. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूर त्यातच येतं. सिनिअर म्हणाले फाईल घेऊन कोल्हापूरला जा तर नाही म्हणू नका, एसटीत खिडकीची सीट धरा, मिरज येईपर्यंत अख्खी फाईल वाचून होते.