पार्कात भाजी लावताय? मग फुलं तिच्या शेजारीच हवीत

पार्कात सगळ्यांनी मिळून बाग करायची ठरली की काय लावायचं यावरच तासभर चर्चा होते, पण आधी नळ कुठंय ते बघा हो, बादल्या लांबून आणाव्या लागल्या की पंधरा दिवसांत माणसं गळतात. पार्क ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. निदान 6 तास ऊन येईल असा तुकडा निवडा. वाफा 4 फुटांपेक्षा रुंद नको, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो आणि माती तुडवली जात नाही. जागा रस्त्यालगत असेल किंवा तिथं आधी जुनं बांधकाम असेल तर मातीत शिसं आहे का ते तपासून घ्या.

आता फुलांचं. लाल भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, मादी फुलाच्या मागं बोराएवढा इवलासा भोपळा आधीच असतो बघा. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, तेवढ्या वेळात मधमाशी फिरकलीच नाही तर तो भोपळा पिवळा पडून गळतो आणि आपण उगाच खत वाढवत बसतो. म्हणून फुलझाडं बागेच्या टोकाला शोभेला नको, भाजीला चिकटूनच लावा, आणि एकेक झाड विखरून लावण्यापेक्षा एका जातीचा चांगला दाट पुंजका करा. गच्च पाकळ्यांच्या डबल फुलांत मध आणि पराग फारसा मिळत नाही, एकेरीच घ्या. थोडी कोथिंबीर आणि मुळा न उपटता फुलू द्या, मधमाश्या नुसत्या तुटून पडतात!

टोमॅटोची तर गंमतच आहे. पराग फुलातल्या नळीत बंद असतो, मोठा भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो तेव्हा तो झडतो, मधमाशीला हे जमत नाही. सकाळी मुलांना घेऊन जा आणि तो गूंऽऽ आवाज ऐकवा.

बऱ्याच रानटी मधमाश्या जमिनीत बिळं करतात, तेव्हा उन्हातला एक कोपरा आच्छादन न घालता उघडाच राहू द्या. फुलांवर फवारणी अजिबात नाही, सेंद्रिय असली तरी नाही. पानं कुरतडलेली दिसली तर ती फुलपाखराची अळीही असू शकते, खाऊ द्या थोडं.

लावणीच्या दिवशी गर्दी होतेच, त्याच दिवशी पाण्याच्या पाळ्या लिहून घ्या, रोज दोन नावं, म्हणजे एक गावाला गेला तरी रोपं सुकत नाहीत. आणि भाजी कोणी किती न्यायची तेही पहिल्या तोडणीआधीच ठरवून बोर्डावर लावा.