मोबाइल बिलात न मागितलेल्या सेवेचे पैसे: या चुका टाळा

मुलुंडला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू गेल्या महिन्यात मोबाइलचे बिल घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांची योजना ४४९ रुपयांची, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५२९ रुपये ८२ पैसे व्हायला हवेत. बिल मात्र ५८७ रुपये ६४ पैशांचे होते. फरक ५७ रुपये ८२ पैशांचा, म्हणजे ४९ रुपयांची कसलीशी सेवा आणि तिच्यावरचा कर. दुसऱ्या पानावर, जिथे बारीक अक्षरांत तपशील असतो, तिथे ‘मूल्यवर्धित सेवा’ या शीर्षकाखाली आरोग्यविषयक सल्ल्याच्या एका पॅकचे नाव छापलेले होते. काकूंनी असा सल्ला कधी मागितला नव्हता आणि कधी वाचलाही नव्हता. जुनी बिले काढून पाहिली, तेव्हा हीच ओळ सलग चौदा महिने आलेली दिसली. चौदा महिन्यांचे मिळून ८०९ रुपये ४८ पैसे.

रक्कम फार मोठी नाही, आणि हा सगळा व्यवहार टिकून राहतो तो नेमका त्यामुळेच. हजार रुपये कापले गेले असते, तर दुसऱ्याच दिवशी बोंब झाली असती. एकोणपन्नास रुपयांसाठी कोणी अर्धा दिवस कस्टमर केअरचे संगीत ऐकत बसत नाही. मूल्यवर्धित सेवा म्हणजे बोलणे, एसएमएस आणि इंटरनेट या मूळ सेवांखेरीज दिल्या जाणाऱ्या कॉलर ट्यून, क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य, गेम, भजने, विनोद असल्या गोष्टी. त्या बहुधा तिसरीच एखादी कंपनी पुरवते, पैसे तुमची मोबाइल कंपनी वसूल करते आणि दोघी ते वाटून घेतात. म्हणून तक्रार करायला गेलेल्या ग्राहकाला ‘हे आमच्याकडून नाही, त्या कंपनीकडून आहे’ असे उत्तर मिळाले, तर ते मुकाट्याने मान्य करू नये. बिल ज्याने पाठवले, जाब त्यालाच विचारायचा.

बिलाची नुसती बेरीज पाहणे

काकूंचे बिल बंगळुरूला असलेला त्यांचा मुलगा भरतो, तेही आपोआप, त्याच्या कार्डावरून. त्याला दर महिन्याला फक्त एकूण आकडा कळतो. बिलाची पीडीएफ काकूंच्या ईमेलवर येते, आणि तो ईमेल काकू उघडत नाहीत. पैसे भरणारा एक आणि फोन वापरणारा दुसरा, अशी मांडणी मुंबईतल्या कितीतरी घरांत आहे, आणि ऑफिसने दिलेल्या नंबरांचीही तीच कथा असते. ‘हल्ली दर वाढलेत’ असे दोघांनीही आपापल्या परीने गृहीत धरले होते. बिल आपोआप भरले जाण्याची सोय ठेवायला हरकत नाही, परंतु दोन महिन्यांतून एकदा तरी बिलाचे दुसरे पान उघडून योजनेचे भाडे, कर आणि त्यापलीकडची प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे पाहावी. ‘इतर शुल्क’ या मोघम शब्दाखाली काय दडले आहे, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

प्रीपेडवाल्यांना बिलच येत नाही, म्हणून त्यांचा घोटाळा वेगळ्या रीतीने उघड होतो. अमर्यादित बोलण्याचे पॅक आल्यापासून मुख्य बॅलन्स बहुतेकांचा शून्याच्या आसपास असतो आणि कापायला काही उरत नाही. मग कधीतरी परदेशी फोन करण्यासाठी शंभर रुपयांचा टॉकटाइम टाकला, की संध्याकाळपर्यंत त्यातले तीस-चाळीस नाहीसे झालेले दिसतात. अशा वेळी वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो. त्यासाठी कंपनीला ५० रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाहीत आणि तो मागील सहा महिन्यांपर्यंतचा मिळू शकतो.

पैसे कोणत्या वाटेने गेले हे न पाहता तक्रार करणे

ही चूक मला सर्वांत महागाची वाटते, कारण तिच्यात आठवडेच्या आठवडे वाया जातात. ‘मोबाइलवरून पैसे कटले’ हे एकच वाक्य चार निरनिराळ्या व्यवहारांना लागू पडते, आणि प्रत्येकाचे दार वेगळे असते. मोबाइलच्या बिलात किंवा टॉकटाइममध्ये कपात दिसत असेल, तर प्रश्न मोबाइल कंपनीचा. बँकेच्या संदेशात यूपीआयचा उल्लेख असेल, तर कधीतरी ऑटोपेची परवानगी दिली गेली आहे. ती ज्या यूपीआय अ‍ॅपवरून दिली, त्याच अ‍ॅपमधल्या ऑटोपे किंवा मॅन्डेट या विभागात जाऊन रद्द करता येते. कार्डावरून जात असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, आणि त्या सूचनेतूनच तो व्यवहार थांबवण्याची वाट मिळायला हवी.

चौथी वाट गोंधळाची आहे. गूगल प्ले स्टोअरवरच्या खरेदीचे पैसे काही जोडण्यांवर थेट मोबाइलच्या बिलात जमा करता येतात. बिलात रक्कम मोबाइल कंपनीच्या नावावर दिसते, पण सेवा रद्द होते ती प्ले स्टोअरच्या ‘पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स’ या भागातून. आणि हे ठळकपणे सांगायला हवे, कारण शिकलेसवरलेले लोकही इथे फसतात: अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. अ‍ॅप जाते, वसुली चालू राहते. घरात मुले तुमच्या फोनवर गेम खेळत असतील, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागण्याचा पर्याय आजच चालू करून घ्या.

गर्दीत ‘पुढे’ दाबणे

सेवा सुरू होते कशी, हे माझ्याच बाबतीत घडले तेव्हा मला नीट कळले. संध्याकाळची कल्याण लोकल, दादरला आत शिरलेली गर्दी, एका हाताने वरची कडी धरलेली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सामन्याचा स्कोअर शोधणे चालू. पडदा झाकून टाकणारी एक चौकट आली. कोपऱ्यातली फुली इतकी लहान, की धक्क्याने अंगठा हिरव्या बटणावर पडला. शीव स्टेशन येण्याच्या आत ‘सेवा घेतल्याबद्दल धन्यवाद’ असा एसएमएस हजर झाला. मी नंबर कुठेही टाइप केला नव्हता. मोबाइल डेटा चालू असताना तुमचा नंबर कंपनीच्या नेटवर्कला ठाऊकच असतो आणि भागीदार संकेतस्थळाला ग्राहकाची ओळख तिथूनच मिळू शकते. घरच्या वाय-फायवर तेच पान उघडले असते, तर नंबर विचारावा लागला असता.

दुसरा ठरलेला सापळा म्हणजे पडद्यावर आपोआप उमटणारे, ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ एवढेच विचारणारे फ्लॅश संदेश. ते सिममधूनच येतात. फोनमधल्या सिम टूलकिट या अ‍ॅपमध्ये ते बंद करण्याची सोय बहुधा असते. कोणाला फोन लावल्यावर ‘ही ट्यून कॉपी करण्यासाठी स्टार दाबा’ असे ऐकू येते, तेव्हा फोन गालाला किंवा खिशातल्या किल्ल्यांना लागलेला नसावा, एवढी काळजी घेतली तरी पुरे. तिसरा प्रकार उघड लबाडीचा आहे. ‘जोकर’ किंवा ‘ब्रेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालवेअरची सुमारे १,७०० अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढल्याचे गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितले होते. या जातीची अ‍ॅप्स वॉलपेपर, कीबोर्ड असल्या साध्या रूपात येतात, एसएमएस किंवा नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी मागतात आणि आलेला ओटीपी परस्पर वाचून सेवा सुरू करून टाकतात. वॉलपेपरच्या अ‍ॅपला तुमचे एसएमएस कशाला वाचायचे असतात, हा प्रश्न परवानगी देण्याआधी स्वतःला विचारावा.

असे होऊ नये म्हणून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने १० जुलै २०१३ रोजी दुहेरी संमतीचा आदेश काढला. ग्राहकाने एकदा ‘हो’ म्हणणे पुरेसे नाही. वेगळ्या यंत्रणेमार्फत दुसऱ्यांदा संमती घेतल्याशिवाय सेवा सुरू करता येत नाही. कागदावर व्यवस्था चांगली आहे. दोन्ही हिरवी बटणे एकाच जागी, एकापाठोपाठ दाखवली, तर घाईतला अंगठा दोन्ही दाबतो, ही गोष्ट वेगळी.

संदेश वाचून तो खोडून टाकणे

सेवा सुरू झाल्याचा एसएमएस हा तुमच्याकडचा पहिला पुरावा असतो, आणि लोक चिडून तोच आधी डिलीट करतात. त्याचा स्क्रीनशॉट काढा. त्यानंतर लगेच १५५२२३ या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत ‘स्टॉप’ असा एसएमएस पाठवा किंवा तिथे फोन करा. मूल्यवर्धित सेवा बंद करण्यासाठीचा हा क्रमांक सर्व कंपन्यांना समान आहे आणि निःशुल्क आहे. एकाहून अधिक सेवा चालू असतील, तर त्यांची यादी येते आणि कोणती बंद करायची ते कळवावे लागते. तो दुसरा संदेश न पाठवताच बरेच जण निश्चिंत होतात. बंद झाल्याचा संदेश हाती येईपर्यंत काम झाले, असे समजू नये.

वेळेला इथे फार किंमत आहे. सेवा सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत, संमतीवाचून ती सुरू केल्याची तक्रार कंपनीकडे केली, तर कापलेले पैसे परत मिळायला हवेत. माझे पैसे तसे परत आले, कारण मुलुंडला उतरल्यावर रिक्षाच्या रांगेत उभा असतानाच मी फोन लावला होता. काकूंची गोष्ट चौदा महिन्यांनी उघडकीस आली, त्यामुळे त्यांना लांबचा रस्ता धरावा लागला.

१९०९ वर डीएनडीची, म्हणजे ‘जाहिराती नकोत’ अशी, नोंद केल्याने हा प्रश्न सुटेल, असा एक गैरसमज आहे. डीएनडीने जाहिरातींचे फोन आणि संदेश कमी होतील. आधीच चालू असलेली सेवा त्याने बंद होत नाही.

तक्रार क्रमांक न घेता फोन ठेवणे

१२१ हा सर्वसाधारण माहितीचा क्रमांक आहे आणि १९८ तक्रारीचा. दहा मिनिटे १२१ वर बोलून ‘सांगितले त्यांना’ असे समाधान मानले, तर त्याची तक्रार म्हणून कुठे नोंद असेलच असे नाही. १९८ वर तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, मिळतो. तो मिळेपर्यंत फोन ठेवू नये. बोलताना ‘पैसे कापले’ असे मोघम न सांगता बिलाची तारीख, त्या ओळीतले सेवेचे नाव आणि रक्कम सांगावी, आणि एक प्रश्न आवर्जून विचारावा: ही सेवा कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने मिळालेल्या संमतीवर सुरू झाली? काकूंच्या वतीने आम्ही हा प्रश्न लेखी विचारला. पहिल्या उत्तरात ‘ग्राहकाने स्वतः सेवा घेतली आहे’ एवढेच आले; तारीख नाही, वेळ नाही. जाताजाता, या नंबरावर यापुढे कोणतीही मूल्यवर्धित सेवा सुरू करू नये, अशी मागणीही नोंदवून घ्यावी. जोडणी ज्याच्या नावावर, त्यानेच तक्रार करावी, नाहीतर पडताळणीतच गाडी अडते.

हे क्रमांक बिलावर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये पाहूनच फिरवावेत. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या दहा आकडी नंबरावर फोन केला आणि पलीकडच्या गोड आवाजाने रिफंडसाठी एखादे अ‍ॅप टाकायला किंवा पडद्यावरचा ओटीपी वाचायला सांगितले, तर एकोणपन्नास रुपयांच्या पाठी खाते रिकामे होते. तसे घडलेच, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

रागाने बिल थकवणे

‘आधी पैसे परत करा, मगच बिल भरतो’ हा बाणा कितीही योग्य वाटला, तरी त्याचा फटका आपल्यालाच बसतो. उशिराचे शुल्क लागते, सेवा खंडित होऊ शकते, आणि चिडून नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायला गेलात, तर थकबाकीमुळे अर्ज फेटाळला जातो. बिल भरावे आणि वादग्रस्त रक्कम हरकतीसह भरली आहे, असे त्याच दिवशी ईमेलने कळवावे.

पहिल्या नकारावर थांबणे

कस्टमर केअरच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्याला शुल्क नाही, आणि ३९ दिवसांच्या आत त्यावर निर्णय व्हायला हवा. ट्राय नियम करते, परंतु एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. तिथे पत्रे पाठवण्यात वेळ दवडू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि मुंबईकरांना विलेपार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीचा आधारही आहे. १९७५ पासून ही संस्था ग्राहकांसाठी काम करते आहे.

त्यापुढे ग्राहक आयोग. टेलिफोनच्या तंट्यात ग्राहक न्यायालयाला अधिकार नाही, असे २००९ च्या एका निकालाच्या आधारे वर्षानुवर्षे सांगितले जाई. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हा प्रश्न ग्राहकाच्या बाजूने निकाली काढला. सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क पडत नाही. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीतून ग्राहकाला फसवण्याच्या क्लृप्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत ज्या १३ प्रकारांची नावे आहेत, त्यांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा एक आहे; तक्रारीत हा शब्द नेमकेपणाने वापरावा.

काकूंना कंपनीने ‘सद्भावनेपोटी’ तीन महिन्यांचे १७३ रुपये ४६ पैसे पुढच्या बिलात वळते करून दिले आणि बाकीच्या अकरा महिन्यांबद्दल तक्रार बंद केल्याचे कळवले. संमतीची तारीख अजूनही कोणी सांगितलेली नाही. अपिलाची मुदत येत्या गुरुवारी संपते. अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे आणि त्यात पहिला मुद्दा त्या तारखेचाच आहे.