गोल्फ ग्रीनवर प्रतिबंधात्मक बुरशीनाशकांची चाचणी कशी घ्यावी

ग्रीनवरचे, म्हणजे गोल्फच्या मैदानात छिद्राभोवती असलेल्या गुळगुळीत हिरवळीवरचे गवत सुमारे 3 मिलिमीटर उंचीवर आणि बहुतेक दिवस रोज कापले जाते. एवढ्या आखूड गवताकडे रोगाची हानी भरून काढण्याइतकी पानेच उरत नाहीत, म्हणून तिथे रोग दिसण्यापूर्वीच फवारणी करण्याकडे कल असतो. कोणते बुरशीनाशक किती दिवस संरक्षण देते हे आपल्याच ग्रीनवर तपासायचे असेल, तर चाचणीची आखणी काटेकोर हवी. येथे उदाहरणासाठी डॉलर स्पॉट हा रोग घेतला आहे. क्लॅरिरीडिया वंशातील बुरशीमुळे होणाऱ्या या रोगात आखूड गवतावर नाण्याएवढे, वाळल्या गवताच्या रंगाचे, किंचित खोलगट डाग पडतात.

या चाचणीचा कणा म्हणजे न फवारलेले प्लॉट. ग्रीनची निगा राखणाऱ्याला गवत डोळ्यांदेखत खराब होऊ देणे जड जाते. पण त्या प्लॉटमध्ये रोग आलाच नाही, तर सगळीच औषधे सारखी चांगली दिसतात आणि चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून खेळात नसलेला सरावाचा किंवा रोपवाटिकेचा ग्रीन निवडावा. पूर्वी जिथे रोग येऊन गेला आहे आणि सकाळचे दव उशिरापर्यंत टिकते, अशी जागा उत्तम. नत्र कमी पडलेल्या गवतावर डॉलर स्पॉट जोर धरतो, त्यामुळे नत्राची मात्रा बेताची ठेवावी, मात्र ती सर्व प्लॉटना अगदी सारखी द्यावी. आधीच्या फवारणीचा अंमल संपल्याशिवाय चाचणी सुरू करू नये.

प्रत्येक औषधाला किमान 4 प्लॉट द्यावेत. जागेचे 4 गट पाडून प्रत्येक गटात सर्व उपचार, म्हणजे प्रत्येक औषध आणि न फवारलेला प्लॉट, एकेकदा येऊ द्यावेत आणि त्यांचा क्रम दर गटासाठी स्वतंत्र चिठ्ठ्या टाकून ठरवावा. गट पाडताना उतार आणि सावली पाहावी, कारण एका गटातील जमीन व उजेड शक्यतो सारखा असला पाहिजे. नव्या औषधांबरोबर एक खात्रीचे, नेहमीच्या वापरातले औषधही ठेवावे. नुसत्या न फवारलेल्या प्लॉटशी तुलना केली की दुबळे औषधही गुणकारी भासते.

खरी चूक होते ती मोजमापात. समजा, हेक्टरी 800 लिटर द्रावण फवारायचे आहे, म्हणजे चौरस मीटरला 80 मिलिलिटर. प्लॉट 1 मीटर रुंद आणि 2 मीटर लांब असेल, तर त्याला 160 मिलिलिटर द्रावण लागेल. नोझलखाली भांडे धरून ठरलेल्या दाबाला किती पाणी पडते ते मोजावे. सर्व नोझल मिळून सेकंदाला 40 मिलिलिटर पडत असेल, तर ते 2 मीटर अंतर बरोबर 4 सेकंदांत चालून जावे लागते. ही चाल आधी साध्या पाण्याने घटवून घ्यावी. औषधाची मात्रा हेक्टरी 10 लिटर असेल, तर 1 लिटर द्रावण 12.5 चौरस मीटरला पुरते आणि त्यात 12.5 मिलिलिटर औषध येते. इतकी लहान मात्रा झाकणाने न मोजता मापन-सिरिंजने मोजावी. मात्रा व हाताळणी लेबलाप्रमाणेच असावी, हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि वारा असताना फवारणी टाळावी.

पहिली फवारणी केव्हा करावी यासाठी स्मिथ-कर्न्स पद्धत उपयोगी पडते. मागील 5 दिवसांचे सरासरी तापमान व सापेक्ष आर्द्रता यांवरून ती डॉलर स्पॉटची शक्यता सांगते, आणि 20 टक्के ही फवारणीची सर्वसाधारण मर्यादा धरली जाते. त्यापुढील फवारण्या 14 किंवा 21 दिवसांच्या ठरलेल्या अंतराने कराव्यात. पानांवरच्या रोगासाठी फवारल्यावर औषध सुकेपर्यंत पाणी देऊ नये. मुळांच्या रोगांत मात्र अनेकदा ते पाण्याने खाली पोहोचवावे लागते.

नोंदी साधारण आठवड्याला घ्याव्यात. एकाच व्यक्तीने, उपचारांचा नकाशा हातात न घेता, प्लॉटच्या मधल्या भागातील डाग मोजावेत. कडांवर शेजारच्या फवारणीचा अंश पडलेला असतो. डाग एकमेकांत मिसळू शकतील असा रोग अपेक्षित असेल, तर बाधित क्षेत्राची टक्केवारीही सुरुवातीपासूनच नोंदवावी. दव असताना डागांवर कोळिष्टकासारखी बुरशी दिसते आणि कापणी यंत्राला चिकटून ती दुसऱ्या प्लॉटमध्ये जाते, म्हणून कापणी गवत कोरडे झाल्यावरच करावी. शिवाय गवताच्या दर्जाला 1 ते 9 असे गुण द्यावेत, त्यांत 6 ही स्वीकारार्ह पातळी मानतात. ट्रायझोल गटातील काही औषधांनी, विशेषतः उन्हाळ्यात, गवत निळसर पडते आणि त्याची वाढ खुंटते. रोग रोखणारे औषध गवत बिघडवत असेल तर त्याचीही नोंद हवी.

शेवटी प्रत्येक प्लॉटसाठी रोगाच्या आलेखाखालील क्षेत्र, म्हणजे हंगामभरातील एकूण रोगाचे माप, काढावे. एका नोंदीत 10 आणि 7 दिवसांनी 30 डाग असतील, तर सरासरी 20 गुणिले 7, म्हणजे 140. अशा सर्व अंतरांची बेरीज करून प्रसरण विश्लेषणाने (औषधांमधला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) औषधांची तुलना करावी. त्याखेरीज फवारणीनंतर कितव्या दिवशी डाग पुन्हा दिसू लागले, हा आकडा वेगळा लिहावा, कारण पुढील हंगामातील फवारण्यांचे अंतर त्यावरूनच ठरते. दुसऱ्या हंगामात तीच चाचणी नव्याने चिठ्ठ्या टाकून पुन्हा घ्यावी आणि दोन्ही वर्षांचे निकाल जुळले तरच औषध सर्व ग्रीनवर वापरायला घ्यावे.