अलंकार आणि वृत्त ओळखताना या चुका टाळा

‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, एवढ्या पाठांतरावर पेपरला बसणारे पुष्कळ. पण ‘पाऊस सारखा पडतोय’ यात कसली उपमा? तिथे ‘सारखा’ म्हणजे सतत. ‘मुलगा वडिलांसारखा उंच आहे’ हेही नुसतं माहितीचं वाक्य; त्यात चमत्कृती नाही, म्हणून अलंकारही नाही.

खुणेचा शब्द शोधण्याआधी उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) यांचं नातं काय ते बघा. शेतात फुटलेला कापूस हे उपमेय आणि चांदणं हे उपमान धरू.

‘कापूस चांदण्यासारखा पांढरा’: दोन्ही वेगळे, पण साम्य आहे. उपमा.
‘कापूस म्हणजे जणू जमिनीवर उतरलेलं चांदणंच’: कल्पना केली. उत्प्रेक्षा.
‘कापसाचं चांदणं शेतभर पसरलं’: दोन्ही एकच मानले. रूपक.
‘हा कापूस नव्हेच, हे चांदणं’: उपमेय नाकारलं. अपन्हुती.
‘चांदण्याहूनही पांढरा कापूस’: उपमेय वरचढ. व्यतिरेक.
आणि तो कापूस चांदणंच समजून चकोर खरोखरच धावत आला, तर भ्रांतिमान.

सर्वाधिक गोंधळ रूपक आणि अपन्हुतीत होतो. नकार आहे का, एवढंच तपासा. उपमेय-उपमानाची अदलाबदलही नेहमीची, कारण ‘चांदण्यासारखा कापूस’ म्हणताना उपमान आधी येतं. क्रमावर जाऊ नका. ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘वाणी’ ज्याला चिकटतं ते उपमान.

चेतनागुणोक्तीचं, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं वर्णन करण्याचं, थोडक्यात: ‘रस्ता गावाला जातो’ यात ती नाही, तो बोलण्यातला रूढ प्रयोग आहे. ‘वारा दाराशी येऊन संकोचला’ यात आहे.

आता वृत्त, म्हणजे कवितेच्या ओळीची बांधलेली चाल. इथे डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त ठेवा. ही ओळ घ्या:

नव्या पुस्तकाला जुना वास नाही

आखूड उच्चाराचं अक्षर लघू, लांब उच्चाराचं गुरू. जोडाक्षर दिसताच त्यालाच गुरू ठरवणं ही पहिली चूक. ‘स्त’ स्वतः लघूच आहे. त्याच्या आघातामुळे आधीचा ‘पु’ गुरू होतो. मग ‘व्या’मुळे ‘न’ गुरू का नाही? मोठ्याने म्हणून बघा. ‘काव्य’, ‘भव्य’ म्हणताना ‘व्य’चा जोर मागे येतो, ‘नव्या’त येत नाही. म्हणून ‘भव्य’मधला ‘भ’ गुरू, पण ‘नव्या’तला ‘न’ लघू. ‘पुन्हा’, ‘तुम्ही’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतही तसा आघात नाही. नियम पाठ असूनही गुण जातात ते बहुतेक इथेच.

दुसरी चूक म्हणजे शब्दागणिक गण, म्हणजे तीन अक्षरांचे गट, पाडणं. गण शब्दांची पर्वा करत नाही, सरळ तीन-तीन अक्षरं मोजायची (‘ल’ म्हणजे लघू, ‘गा’ म्हणजे गुरू):

न-व्या-पु । स्त-का-ला । जु-ना-वा । स-ना-ही
ल-गा-गा । ल-गा-गा । ल-गा-गा । ल-गा-गा

गण लक्षात ठेवण्याचं सूत्र आहे ‘यमाताराजभानसलगं’; गणाच्या अक्षरापासून पुढची तीन अक्षरं घ्यायची. त्यातलं ‘यमाता’ म्हणजे लघू, गुरू, गुरू, अर्थात ‘य’ गण. चार ‘य’ म्हणजे भुजंगप्रयात. ‘पुस्तका’चा ‘पु’ पहिल्या गणात गेला आणि ‘स्त’ दुसऱ्यात, हे चालतंच. चरणाचं शेवटचं अक्षर ऱ्हस्व असलं, तरी म्हणताना लांबतं, त्यामुळे ते गुरू धरतात.

नुसत्या अक्षरसंख्येवरून वृत्ताचं नाव ठोकून देऊ नका. भुजंगप्रयातात 12 अक्षरं, द्रुतविलंबितातही 12; पण दुसऱ्याचे गण न, भ, भ, र. गण बरोबर पाडल्यावरही नाव जुळत नसेल, तर बहुधा एखादा अनुस्वार निसटलेला असतो. ‘रंग’मधला ‘रं’ गुरू आहे.

आणि प्रत्येक कवितेत गण शोधू नका. अभंग हा छंद, तिथे अक्षरं मोजतात: मोठ्या अभंगात 6, 6, 6 आणि 4. दिंडी हे मात्रावृत्त, म्हणजे तिथे उच्चाराचा वेळ (मात्रा) मोजतात; प्रत्येक चरणात 19 मात्रा, नवव्या मात्रेनंतर यती, म्हणजे म्हणताना घ्यायचा थांबा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. अक्षरं किती झाली याला तिथे महत्त्व नाही.