जुन्या मियाटावर हार्डटॉप बसवायचा असेल तर

माझदा मियाटा ही छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार, तिची १९८९ ला आलेली पहिली जनरेशन, तिच्यावर हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारं कडक छत, काय भारी दिसतो! सेकंड जनरेशनचा टॉपपण हिला बसतो, त्यामुळे शोधताना दोन्ही बघा.

टॉपचं वजन साधारण २० किलो, पण आकार अवघड, म्हणून दोघं लागतातच. एकट्याने उचलायला गेलात तर डिकीच्या पेंटवर ओरखडा ठरलेला.

आधी सॉफ्टटॉप, म्हणजे गाडीचं मूळ कापडी छत, खाली करा, पण त्याची मागची प्लास्टिकची खिडकी झिप उघडून सपाट पाडा आणि मगच फोल्ड करा, नाहीतर घडी पडते, आणि थंडीत तर प्लास्टिक सरळ तडकतं. कापड ओलं असेल तर आधी पूर्ण वाळू द्या, कारण आता ते कित्येक महिने तसंच दाबून राहणार आणि बुरशी धरणार.

मग दोघांनी दोन बाजूंनी टॉप धरून सरळ वरून हळूच खाली आणायचा, ढकलायचा नाही. सगळे लॅच (टॉप गाडीला धरून ठेवणाऱ्या कड्या) आधी नुसते अडकवा, टॉपच्या कडेचं रबर सगळीकडे नीट बसलंय का बघा, मग थोडं थोडं करत घट्ट करा, एकच बाजू आधी आवळली की टॉप तिरका बसतो आणि पाणी आत येतं. टॉपच्या काचेला डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या गरम तारा) असेल तर वायर जोडायला विसरू नका.

काढल्यावर टॉप जमिनीवर रबरावर ठेवू नका, रबर कायमचं चपटं होतं. स्टँड घ्या किंवा गॅरेजच्या छताला पट्ट्यांनी टांगा.